करंट कुठे अडला : प्रस्तावना

पेट्रोल गाडीची किल्ली 'ऑन'पर्यंत फिरवून तिथेच थांबलं, तर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते आणि बंद होते. टाकीत, पेट्रोलमध्येच बुडालेला विजेचा एक छोटा पंप इंजिनपर्यंतच्या नळीत दाब भरून घेत असतो, त्याचा तो आवाज. तो आला नाही आणि गाडी सुरू झाली नाही, तर पुढे काय होणार हे बहुतेक गॅरेजांत ठरलेलं असतं. 'पंप गेला' असं जाहीर होतं. सीट निघते, टाकीवरचं झाकण निघतं, काही हजारांचा नवा पंप बसतो, गाडी सुरू होते आणि गिऱ्हाईक पैसे मोजून निघून जातं. आठवड्याभराने तीच गाडी दोरीला बांधून परत येते. पंप मुळात धडधाकटच होता. बिघाड त्याच्या डोक्यावरच्या कनेक्टरमध्ये होता, आणि पंप बदलताना तो उपसून पुन्हा दाबून बसवला गेल्यामुळे चार दिवस ठीक चालला, इतकंच.

हे पुस्तक 'पंप गेला' हे दोन शब्द उच्चारण्याआधी काय काय तपासायचं, त्याबद्दल आहे. एवढ्याशा पंपावर अख्खं पुस्तक कशाला, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. माझं उत्तर असं की बॅटरी, फ्यूज, इग्निशन स्विच, रिले, कॉम्प्युटर, लांबलचक वायर, कनेक्टर, मोटर आणि अर्थ हे सगळे एकाच रांगेत उभे आहेत असं गाडीतलं दुसरं इतकं सोपं आणि इतकं महत्त्वाचं सर्किट मला सापडलं नाही. हे एक सर्किट ज्याला नीट कळलं त्याला रेडिएटरचा पंखा, हॉर्न, काचा वर-खाली करणारी मोटर वेगळी शिकवावी लागत नाही.

पुस्तक मराठीत आहे, पण त्यातलं बरंचसं काम चेन्नईतलं आहे, आणि त्याला कारण आहे. या शहराचा गाडीशी संबंध जुना. सिम्पसन कंपनीत १९०३ साली वाफेवर चालणारी मोटरगाडी बांधली गेली. पाडीत १९६१ पासून लुकास-टीव्हीएसने स्टार्टर, डायनामो असा गाडीचा विजेचा संसार उभा केला. क्रोमपेटच्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९४९ पासून ऑटोमोबाइल हा स्वतंत्र विषय शिकवला जातो. पण आपल्या विषयाला कलाटणी मिळाली ती १९९८ मध्ये. श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून ह्युंदाईची सॅन्ट्रो बाहेर पडली, ती कार्ब्युरेटर न घेता, एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणारं, इंजिन घेऊनच. पाठोपाठ मरैमलै नगरातून फोर्डची आयकॉन आली. टाकीतला विजेचा पंप मध्यमवर्गीय घराच्या दारात उभा राहिला तो मोठ्या प्रमाणावर या गाड्यांमुळे, आणि तो बिघडल्यावर काय करायचं हे पदपथावर बसून शिकण्याची पाळी पहिल्यांदा ज्यांच्यावर आली त्यांत पुदुपेट आणि जनरल पॅटर्स रोडच्या आसपासचे मिस्त्री होते.

मराठी वाचकाला हे दूरचं वाटू नये. पुणे, सातारा, कोल्हापूर ओलांडून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ शेवटी याच श्रीपेरुंबुदूरवरून चेन्नईत शिरतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडून सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी तमिळनाडूत गेलेली कुटुंबं सणाला, जत्रेला याच रस्त्याने गावी येतात. वाटेत गाडी बंद पडली तर कृष्णगिरीत एक मिस्त्री भेटतो, निपाणीत दुसरा. दोघांची भाषा वेगळी, पण 'करंट', 'अर्थ', 'रिले', 'शॉर्ट' हे शब्द तेच, आणि दुर्दैवाने पहिला निष्कर्षही तोच.

आता थोडा इतिहास. टाकीतलं पेट्रोल इंजिनपर्यंत न्यायचं कसं, हा प्रश्न गाडीइतकाच जुना आहे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पंपच नव्हता. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरे, त्यामुळे टाकीत ते कमी असलं की खडा चढ उलट्या गिअरमध्ये चढावा लागे. मग इंजिनच्या कॅमशाफ्टवर हलणारा, रबरी पडद्याचा यांत्रिक पंप आला. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर, सुरुवातीची मारुती ८०० या गाड्यांनी आपल्याकडे त्याच्यावरच दिवस काढले. त्याचं मोठं दुखणं म्हणजे उष्णता. पंप गरम इंजिनला चिकटलेला, आणि तो लांबच्या टाकीतलं पेट्रोल ओढून घेणारा. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि कमी दाबात गरम पेट्रोलची वाफ लवकर होते. वाफ झाली की पंप नुसताच हलत राहतो. खंबाटकी किंवा खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको.

विजेचा पंपही तेव्हा होताच. मॉरिस मायनरमध्ये एस. यू. कंपनीचा पंप असे आणि तो टिक-टिक करत चाले. त्याच्या आतले पॉइंट जळले की गाडी उभी. बुटाची टाच किंवा पान्याची मूठ त्यावर हलकेच मारली की चालू. आपल्या विषयातलं पहिलं 'निदान' हेच म्हणायला हरकत नाही. आवाज थांबला आणि ठोकल्यावर आला, म्हणजे दोष पंपाच्या आतल्या विजेच्या स्पर्शात.

पुढचा टप्पा इंजेक्शनचा. बॉशने १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीवर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणलं. कार्ब्युरेटरला पाव बारच्या आसपास दाब पुरतो. इंजेक्टरला साधारण तीन बार, काही गाड्यांत त्याहून जास्त लागतो. तो यांत्रिक पंपाच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून विजेचा पंप अपरिहार्य झाला आणि यथावकाश टाकीत जाऊन बसला. तिथून तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. वाफेची कटकट कमी झाली, आणि भोवतीचं पेट्रोल मोटरला थंडही ठेवू लागलं. पेट्रोलमध्ये विजेची मोटर म्हणजे आग, ही भीती स्वाभाविक आहे. पण टाकीत पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की पेट घ्यायला लागणारी हवाच तिथे पुरेशी नसते. धोका टाकीच्या आत कमी आणि झाकण उघडल्यावर जास्त. ही गोष्ट पुस्तकात पुनःपुन्हा येते आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

आपल्याकडे हा बदल हवेच्या प्रदूषणाने घडवला. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातल्या नव्या खासगी गाड्यांना युरो मानकं लागू केली. त्यानंतर काही वर्षांतच नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला. हत्यारं तीच, मिस्त्री तेच, आणि बॉनेटखालचा हाताला लागणारा पंप मात्र नाहीसा. वर्षानुवर्षं डोळ्यांनी आणि हातांनी केलेलं निदान आता वायरींच्या जाळ्यात करायचं होतं, आणि त्याचं शिक्षण अधिकृत सेवा केंद्रांबाहेर फार थोड्यांना मिळालं.

या पोकळीत निदानाच्या निरनिराळ्या रीती तयार झाल्या. त्यांना घराणी म्हणावंसं वाटतं, कारण प्रत्येकाला आपलीच रीत खरी वाटते आणि दुसऱ्याची कच्ची.

सर्वांत जुनं घराणं कानाचं. किल्ली फिरवा, मागे कान द्या, आवाज नसेल तर टाकीच्या बुडाला तळव्याने दोन थापा मारा. थापेने पंप फिरला तर मोटरचे ब्रश झिजले आहेत, हा तर्क बऱ्याचदा बरोबर ठरतो. पण आवाज आला म्हणजे दाब आला असं नाही, आणि आवाज आला नाही म्हणजे पंप मेला असंही नाही. पंपाला चालवणारा कॉम्प्युटर आहे. सुरुवातीचे ते दोन-तीन सेकंद सोडले, तर इंजिन फिरतं आहे असा क्रँक सेन्सरचा निरोप मिळेपर्यंत तो पंप चालू करत नाही. अपघातात इंजिन थांबल्यावर पेट्रोल सांडत राहू नये म्हणून ही व्यवस्था. म्हणजे दहा मिनिटं स्टार्टर मारूनही दाब नाही, याचं मूळ इंजिनच्या दुसऱ्या टोकाच्या एका सेन्सरमध्ये असू शकतं. स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर मागच्या सीटला हात लावण्याआधी तिकडे पाहावं. हा प्रकार कानाला कळत नाही.

दुसरं घराणं मीटरचं, आणि माझा खरा वाद याच्याशी आहे. डिजिटल मल्टिमीटर आज प्रत्येक वायरमनकडे असतो. पंपाचा कनेक्टर काढायचा, मीटरची टोकं लावायची, बारा व्होल्ट दिसले की 'करंट येतोय, पंप गेला'. ही तपासणी चुकीची आहे आणि ती का चुकीची हे समजणं म्हणजे निम्मं पुस्तक समजणं. ढोबळ हिशेब करू. पंप बारा व्होल्टवर सहा अँपिअर घेतो असं धरा, म्हणजे तो दोन ओहमसारखा वागतो. वाटेतल्या एका गंजलेल्या पिनने एक ओहमचा अडथळा उभा केला. आता सर्किटमध्ये एकूण तीन ओहम झाले, करंट चार अँपिअरवर आला, पंपाच्या वाट्याला आठ व्होल्ट उरले आणि चार व्होल्ट त्या पिनवर खर्ची पडले. चार व्होल्ट गुणिले चार अँपिअर, म्हणजे सोळा वॉट उष्णता एका टाचणीएवढ्या पिनवर. कनेक्टरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळतं ते यामुळे. पंप आठ व्होल्टवर रडतखडत फिरतो किंवा फिरतच नाही. आणि मीटर? तो कनेक्टर काढून लावलेला असतो. त्याचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम. त्याच्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे एक ओहमच्या अडथळ्यावर काही पडतच नाही, आणि तो निर्मळ मनाने पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. तांब्याचा एक केसाएवढा धागा शिल्लक असला तरी दाखवेल.

उपाय महागडा नाही. पंप जोडलेला आणि चालू ठेवून मोजायचं. एक टोक बॅटरीच्या धनावर, दुसरं पंपाच्या धन पिनवर. जो आकडा येईल तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. मग तसंच अर्थच्या बाजूने, पंपाच्या ऋण पिनपासून बॅटरीच्या ऋणापर्यंत. चांगल्या सर्किटमध्ये दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आत बसायला हवं. जास्त आलं तर टोक एकेक जोड पुढे सरकवत जायचं. आकडा जिथे झपकन उतरतो तो जोड गुन्हेगार. अर्थची बाजू तपासल्याशिवाय कुणी पंपाची ऑर्डर दिली तर मला त्याचा राग येतो. चेन्नईच्या खाऱ्या, दमट हवेत बॉडीला कसलेला अर्थचा बोल्ट खालून गंजतो आणि वरून चकचकीत दिसतो.

जुन्या वायरमन लोकांकडे मीटर नसतानाही याचं उत्तर होतं, आणि ते मला फार आवडतं. हेडलाइटचा जुना बल्ब घ्यायचा. त्याच्या तारेच्या पंचावन्न वॉटना बारा व्होल्टने भागलं की कळतं, ती साडेचार अँपिअरच्या वर करंट घेते, म्हणजे जवळपास पंपाइतकाच. पंपाच्या जागी तो जोडायचा. लखलखला तर वायरिंग निर्दोष आणि संशय पंपावर. मंद, लालसर पेटला तर पंप सुटला. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या या युक्तीमागचं गणित कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून ती अडाणी ठरली. तिच्यात एकच खोट आहे: गाडी नवी असेल आणि पंप साध्या रिलेऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवरून, वेग कमी-जास्त करत चालत असेल, तर हा बल्ब तिथे लावू नये. पुस्तकात अशा गाड्या ओळखायच्या कशा हे आधी येतं, बल्ब नंतर.

स्कॅनरचं घराणं तरुण आहे. भारतात २०१० आणि २०१३ च्या टप्प्यांनी गाडीत स्वतःचे दोष नोंदवणारी ओबीडी यंत्रणा सक्तीची झाली आणि स्वस्त स्कॅनर कोपऱ्याकोपऱ्यावर पोचले. पी ०२३० हा कोड दिसला की पंप बदलायचा अशी नवी अंधश्रद्धा त्यातून जन्मली. तो कोड पंपाच्या प्राथमिक सर्किटबद्दल बोलतो. बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ रिलेच्या कॉइलची बाजू असा होतो, आणि पंपाच्या मोटरची त्याला गंधवार्ताही नसते. उलट आठ व्होल्टवर रडणारा पंप कित्येकदा कुठलाच विजेचा कोड देत नाही. देतो तो मिश्रण पातळ झाल्याचा, आणि मिस्त्री ऑक्सिजन सेन्सर बदलत बसतो. शेवटचं घराणं करंट क्लॅम्प आणि ऑसिलोस्कोपचं. वायर न कापता पंपाचा करंट पडद्यावर लहरींत दिसतो, मोटरच्या कम्युटेटरची एकेक पट्टी मोजता येते, एखादी लहर बुटकी असेल तर तीच पट्टी खराब. यात जादू नाही, पण सौंदर्य आहे. उपकरण अजून सगळ्यांना परवडत नाही, म्हणून त्यावर मी मोजकंच लिहिलं आहे.

पंप कधी दोषी नसतोच असं मात्र या पुस्तकाचं म्हणणं नाही. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या इंधन पंपाच्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने ९० हजारांवर गाड्या पंपातल्या इंपेलरच्या दोषासाठी बोलावल्या. इंपेलर अडकला तर वायरिंग ठणठणीत असूनही मोटर नेहमीपेक्षा जास्त करंट ओढते. वाटेतला जोड खराब असेल तर कमी. हा फरक मोजता येतो, आणि मोजणाऱ्याला दोन्ही कहाण्या वेगळ्या ऐकू येतात.

हे सगळं आत्ताच का लिहायचं, याची कारणं रस्त्यावर उभी आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीने चेन्नई बुडवली. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळात पळ्ळिकरणैच्या एका सोसायटीतून गाड्या कागदी होड्यांसारख्या वाहताना देशाने पाहिल्या. आता पावसाचा इशारा आला की वेलाचेरीचे लोक गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. मुंबईने हे २६ जुलै २००५ ला भोगलं, सांगली-कोल्हापूरने ऑगस्ट २०१९ मध्ये. पुरातून काढलेली गाडी धुऊन, सुकवून, विकून पुढच्या मालकाकडे जाते, पण वायरच्या आवरणाखाली शिरलेलं पाणी तांब्याच्या धाग्यांमधून वर चढत राहतं आणि वर्ष-दीड वर्षाने कुठल्यातरी जोडात हिरवा गंज होऊन भेटतं. अशा गाडीत पंप बदलणं म्हणजे पैसे टाकीत ओतणं.

दुसरं कारण इंधन. आता पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि पेट्रोलपेक्षा वीज जास्त वाहू देतं, त्यामुळे त्यासाठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांच्या टाकीतल्या पिना, टर्मिनलं जास्त गंजण्याची शक्यता राहते. तिसरं कारण आपलं आपणच ओढवून घेतलेलं. अलार्म, सेंट्रल लॉक, जीपीएस ट्रॅकर बसवणारा माणूस पंपाची वायर मध्येच कापून तिथे स्वतःचा रिले टाकतो, पिळून टेप गुंडाळतो, आणि कंपनीच्या कुठल्याही आराखड्यात तो जोड दिसत नाही. पुण्या-मुंबईच्या सीएनजी गाड्यांत किटचा रिले पंप बंद-चालू करतो; शिवाय पेट्रोल महाग म्हणून टाकी कायम तळाला, आणि भोवती पेट्रोलच नसल्याने पेट्रोलवर चालताना पंप तापतो. तमिळनाडूतला मिस्त्री ज्या गोष्टी पुरात शिकला, महाराष्ट्रातला त्या सीएनजीत शिकतो आहे. चौथं कारण उत्पादन थांबलेल्या गाड्यांचं. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं, पण तिच्या गाड्या अजून धावताहेत, आणि अशा गाड्यांच्या मालकाला विनाकारण पंप बदलणं सर्वांत महाग पडतं.

पुस्तकाची रचना गाडीच्या नावांनुसार नाही, करंटच्या वाटेनुसार आहे. बॅटरीपासून निघून तो पंपापर्यंत जातो आणि अर्थवरून परत येतो. वाचकानेही त्याच क्रमाने जावं अशी अपेक्षा आहे. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारला आहे: इथे काय मोजलं तर पुढे जायचं की मागे वळायचं हे ठरेल. वायरींचे रंग मुद्दाम दिलेले नाहीत. ते कंपनीगणिक आणि कधी सालागणिक बदलतात, आणि दुसऱ्या गाडीचा रंग पाठ असलेला माणूस आराखडा उघडत नाही. आराखडा वाचायला मात्र शिकवलं आहे, कारण तीस, सत्त्याऐंशी, पंच्याऐंशी, शहाऐंशी हे रिलेच्या पायांचे आकडे एकदा समजले की निम्म्या गाड्या उघड्या होतात. डिझेलचा कॉमन रेल आणि थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचा इंजिनवरचा उच्च दाबाचा पंप इथे नाही. तिथले दाब हाताची कातडी फाडतात, आणि त्यांच्यावर लिहायला स्वतंत्र पुस्तक हवं.

वाचक कोण, हे मी मनाशी ठरवलं होतं. आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगा, स्वतःचं छोटं गॅरेज चालवणारी व्यक्ती, आणि आपल्या गाडीवर नक्की काय चाललं आहे हे समजून घ्यावंसं वाटणारा मालक. मालकाने स्वतः टाकी उघडू नये. पण 'पंप चालू असताना व्होल्टेज ड्रॉप किती आला?' एवढं त्याने काउंटरवर विचारलं तरी बिलात फरक पडेल. उत्तर मिळालं नाही तर तेही एक उत्तरच आहे.

सामानाबद्दल दोन शब्द, म्हणजे पहिल्या प्रकरणाआधी तयारी होईल. मीटर साधा चालेल, पण त्याच्या टोकांच्या वायरी चांगल्या घ्या. स्वस्त वायरी आतून तुटतात आणि नसलेले दोष दाखवतात. इंधनाचा दाब मोजायचं गेज उसनं मिळालं तरी चालेल. हेडलाइटचा जळका बल्ब फेकू नका, त्याची एक तार बहुधा शाबूत असते. पेट्रोलला चालणारा कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताच्या अंतरावर हवा, गाडीच्या डिकीत नव्हे. आणि वायर बॉडीला घासून ठिणगी पाहायची सवय असेल तर ती इथेच सोडा. टाकीच्या झाकणाशेजारी ती ठिणगी काय करेल हे सांगायला नको. टाकीपासून लांब असली तरी ती गाडीचा कॉम्प्युटर जाळू शकते, आणि त्याची किंमत पंपाच्या कित्येक पट आहे.